दारात बेलिफ आला तर? ठाणे आणि नवी मुंबईतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात कोर्ट नाक्याच्या परिसरात दिवाणी वकिली करताना एक फोन नेहमीचा झाला आहे: "साहेब, कोर्टाचा माणूस आलाय, दार उघडू का?" त्याच दिवशी दुसरा फोन येतो: "निकाल लागून चार वर्षं झाली, बेलिफ जातो आणि हात हलवत परत येतो, करू काय?" एकाला बेलिफची भीती वाटते, दुसऱ्याला त्याचा राग येतो. बेलिफला नेमकं काय करता येतं, हे मात्र दोघांनाही ठाऊक नसतं. म्हणून दोघांचे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

बेलिफ म्हणजे पोलीस का?

नाही. तो दिवाणी न्यायालयाचा कर्मचारी असतो आणि नाझराच्या, म्हणजे कोर्टाचे कागद बजावणाऱ्या शाखेच्या प्रमुखाच्या, हाताखाली काम करतो. समन्स, नोटीस, जप्तीचं वॉरंट, ताब्याचं वॉरंट असे सगळे कागद न्यायाधीशांच्या आदेशानंतर नाझर शाखेत येतात. तिथे त्यांची नोंद होते आणि भागाप्रमाणे बेलिफांना वाटून दिले जातात. बजावणी झाली की कागद अहवालासह परत त्याच टेबलावर येतो. बेलिफ तुमच्या वादात कोणाच्याच बाजूचा नसतो. समोरच्या पक्षाबरोबर एकाच रिक्षातून उतरल्यामुळे तो त्यांचा माणूस वाटतो, एवढंच. ते एकत्र का येतात, हे पुढे सांगितलं आहे.

त्याला अधिकार कुठून मिळतो?

हातातल्या कागदातून, आणि फक्त तेवढाच. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश २१ मधला नियम २४ सांगतो की बजावणीच्या कागदावर तारीख हवी, न्यायाधीशांची किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याची सही हवी, न्यायालयाचा शिक्का हवा आणि कोणत्या तारखेपर्यंत बजावायचं ती तारीखही हवी. ती तारीख उलटून गेली असेल तर नवं वॉरंट काढावं लागतं.

म्हणून दार उघडल्यावर पहिलं काम वाद घालण्याचं नाही, वाचण्याचं. दरखास्त (निकालाच्या बजावणीसाठीचा अर्ज) क्रमांक काय आहे, पक्षकार कोण, मालमत्तेचं वर्णन तुमच्याच घराचं आहे का, आणि कागद कसला आहे: समन्स, जंगम (हलवता येणाऱ्या मालाची) जप्ती, ताबा की अटक? जंगम जप्तीचं वॉरंट घेऊन आलेला बेलिफ घर रिकामं करायला सांगू शकत नाही. ताब्याचं वॉरंट असेल तर तो टीव्ही उचलून पैसे वसूल करू शकत नाही. "वरून सांगितलंय" या शब्दांना इथे काडीची किंमत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे. निकाल चुकीचा आहे, वकिलाने फसवलं, भावाने खोटी सही केली, हे बेलिफला सांगून काहीच होत नाही. ते ऐकण्याचा अधिकारच त्याला नाही. ते न्यायाधीशांसमोर मांडायचं असतं.

शंका असेल तर दाव्याचा क्रमांक ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाकून पाहा. दोन मिनिटांत कळतं.

समन्स घेतलंच नाही तर केस पुढे सरकत नाही ना?

हा गैरसमज कोणी पसरवला कोण जाणे, पण त्याने अनेकांचं घर बुडवलं आहे. तुम्ही समन्स नाकारलं की बेलिफ त्याची एक प्रत दाराला चिकटवतो, कोणाच्या समक्ष चिकटवली ते लिहितो आणि अहवाल देतो. न्यायालयाचं समाधान झालं की बजावणी झाली असं धरलं जातं. तुम्ही तारखेला गेला नाहीत तर दावा एकतर्फी चालतो.

तुम्ही घरी नसाल आणि लवकर परतण्याची शक्यताही नसेल, तर कुटुंबातल्या सज्ञान व्यक्तीला समन्स देता येतं. त्यात बायकाही आल्या. घरकामाला येणारी बाई किंवा नोकर मात्र कुटुंबात मोडत नाही, असं संहितेतच स्पष्ट लिहिलं आहे. सोसायटीचा वॉचमन तर नाहीच. त्यामुळे "वॉचमनकडे दिलं" असा अहवाल दिसला तर तुमच्या वकिलाला तो नक्की दाखवा.

समन्सवर सही करणं म्हणजे दावा कबूल करणं नव्हे. कागद मिळाला, एवढाच तिचा अर्थ.

आता बऱ्याच ठिकाणी बेलिफच्या मोबाइलमध्ये एनस्टेप नावाचं सरकारी अ‍ॅप असतं. बजावणीच्या जागेचं ठिकाण आणि वेळ त्यात नोंदली जाते. नाक्यावर चहा पिऊन "घर बंद आढळले" असं लिहिणं त्यामुळे अवघड झालं आहे.

खरंच गावी होतात आणि काहीच कळलं नाही, तर एकतर्फी हुकूमनामा (दाव्याच्या निकालाचा आदेश) रद्द करून घेण्याचा अर्ज आदेश ९ नियम १३ खाली करता येतो. मुदत ३० दिवसांची असते. समन्स रीतसर बजावलं गेलं नसेल तर हे दिवस हुकूमनामा कळल्यापासून मोजतात.

माझा फ्लॅट खारघरला आहे, पत्त्यात नवी मुंबई लिहिलंय. ठाण्याचा बेलिफ येऊ शकतो का?

सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो, आणि त्यात वर्षं वाया जातात. नवी मुंबई हे शहर एक असलं तरी जिल्हे दोन आहेत. ऐरोली, वाशी, नेरूळ, सीबीडी बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे रायगड जिल्ह्यात, आणि त्यांच्यासाठी पनवेलचं न्यायालय. बेलापूरहून लोकलने एका स्थानकावर जिल्हा बदलतो. त्यात भर म्हणजे खारघरचं पोलीस ठाणं नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली येतं, त्यामुळे पोलिसांची हद्द आणि न्यायालयाची हद्द जुळत नाही. पत्त्यातल्या "नवी मुंबई" या दोन शब्दांवर विसंबून दरखास्त टाकली, की काही महिन्यांनी "मिळकत हद्दीबाहेर" असा शेरा मारून वॉरंट परत येतं.

कायदा असा: हुकूमनामा ज्या न्यायालयाने दिला तिथे, किंवा ज्या न्यायालयाकडे तो पाठवला तिथे, बजावता येतो. संहितेच्या कलम ३९ चं पोटकलम ४ सांगतं की आपल्या स्थानिक हद्दीबाहेरच्या माणसाविरुद्ध किंवा मालमत्तेविरुद्ध बजावणी करण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. न्यायालयालाच नाही, तर त्याच्या बेलिफला कुठून येणार? मग हुकूमनामा वर्ग करून घ्यावा लागतो. त्याची प्रत आणि किती रक्कम वसूल व्हायची बाकी आहे याचा दाखला दुसऱ्या न्यायालयाकडे जातो, तिथे दरखास्त दाखल होते आणि तिथला बेलिफ कामाला लागतो.

तोपर्यंत समोरच्याने फ्लॅट विकून टाकला तर? त्यासाठी कलम ४६ आहे. हुकूमनामा देणारं न्यायालय दुसऱ्या न्यायालयाला मालमत्ता जप्त करून ठेवायला कळवू शकतं. ही जप्ती मुदत वाढवली नाही तर दोन महिने टिकते. हे कलम फार कमी जण वापरतात, याचं मला नवल वाटतं.

मुलुंड चेकनाका ओलांडला की मुंबई. तिथे व्यवस्थाच वेगळी आहे. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या हुकूमनाम्यांची बजावणी मुंबईच्या शेरीफच्या कार्यालयामार्फत होते, आणि लघुवाद न्यायालयाचे बेलिफ वेगळे. मुंबईत मिळालेला हुकूमनामा घोडबंदर रोडवरच्या फ्लॅटवर बजावायचा असेल तर तो आधी ठाण्याला वर्ग करावाच लागतो. डोंबिवलीचं काम कल्याणला, भिवंडीचं भिवंडीला.

बेलिफ किती वाजता येऊ शकतो?

जप्तीसाठी किंवा अटकेसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी राहत्या घरात प्रवेश करता येत नाही (कलम ५५ आणि ६२). डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो, हे लक्षात घ्या. रात्री नऊला बेल वाजवून "कोर्टातून आलोय" म्हणणारा माणूस बहुधा बँकेचा वसुली एजंट असतो.

दार किंवा कुलूप तोडता येतं?

कागदावर अवलंबून आहे. पैशांच्या वसुलीसाठी जंगम जप्ती असेल तर राहत्या घराचं बाहेरचं दार तोडता येत नाही. अपवाद एकच: घर खुद्द ऋणकोच्या (ज्याच्याविरुद्ध हुकूमनामा आहे त्याच्या) वहिवाटीत आहे आणि तो आत येऊ देत नाही. एकदा रीतसर आत आल्यावर मात्र, ज्या खोलीत माल असल्याचं मानायला कारण आहे, तिचं दार तोडता येतं.

ताब्याच्या हुकूमनाम्यात अधिकार जास्त आहेत. आदेश २१ नियम ३५ प्रमाणे कुलूप काढणं, कडी उघडणं, दार तोडणं आणि हुकूमनामा ज्यांना बांधील आहे त्यांना बाहेर काढणं हे सगळं त्यात येतं. तरीही व्यवहारात कोणताही शहाणा बेलिफ स्पष्ट आदेशाशिवाय कुलपाला हात लावत नाही. पहिल्या फेरीत तो "कुलूप आढळले" किंवा "विरोध झाला" असा अहवाल देतो. मग दरखास्तदार कुलूप तोडण्यासाठी आणि पोलीस बंदोबस्तासाठी अर्ज करतो, आदेश होतो, बंदोबस्ताचा खर्च भरावा लागतो. पहिल्या फेरीत काही झालं नाही म्हणून बेलिफवर चिडू नका. तो अहवालच पुढच्या आदेशाचा पाया असतो.

बंदोबस्ताला आलेले पोलीस शांतता राखायला असतात. ताबा घेणारा आणि देणारा बेलिफच.

घरातलं काय उचलता येत नाही?

कलम ६० मध्ये यादी आहे. ऋणकोचे, त्याच्या पत्नीचे आणि मुलांचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धार्मिक रूढीनुसार स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने. मंगळसूत्र हे आपल्याकडचं सरळ उदाहरण. कारागिराची हत्यारं. शेतकऱ्याची अवजारं, बैल, बी-बियाणं आणि त्याचं राहतं घर. शहापूर-मुरबाडच्या पक्षकारांनी हे नीट वाचावं. हिशेबाच्या वह्या. भविष्य निर्वाह निधी. फ्रिज, टीव्ही, सोफा, एसी हे मात्र या यादीत नाहीत.

पगार जप्त करायला बेलिफ घरी येत नाही, आदेश मालकाकडे जातो. हिशेब असा: पहिले १,००० रुपये सोडायचे, उरलेल्यातले दोन तृतीयांश सोडायचे, राहील ते जप्त. जप्तीयोग्य पगार ४०,००० धरला तर ३९,००० चा तिसरा हिस्सा म्हणजे महिना १३,००० कापले जातील. २४ महिने कापल्यावर त्याच हुकूमनाम्यासाठी पुन्हा पगाराला हात लावता येत नाही. पोटगीच्या हुकूमनाम्याला ही सवलत इतकी मिळत नाही. तिथे फक्त एक तृतीयांश पगार सुरक्षित असतो, आणि मला ते योग्यच वाटतं.

वस्तू माझी नाही, भावाची किंवा भाडेकरूची आहे. बेलिफला सांगून चालेल?

सांगा, बिल दाखवा आणि पंचनाम्यात तसं लिहून घ्यायला लावा. पण मालकी कोणाची हे तो ठरवू शकत नाही. ज्याची वस्तू आहे त्याने आदेश २१ नियम ५८ खाली न्यायालयात हरकत घ्यायची, तीही लिलाव होण्यापूर्वी. उशीर झाला तर न्यायालय हरकत ऐकायला नकार देऊ शकतं.

जप्त मालाची जबाबदारी जप्ती करणाऱ्यावर असते, म्हणून यादीत प्रत्येक वस्तू वर्णनासह हवी. "एक जुना पंखा" आणि "एक चालू स्थितीतला छताचा पंखा" यात नंतर बराच फरक पडतो.

बेलिफच्या हातात पैसे द्यावेत का?

अटकेच्या वॉरंटवर पूर्ण रक्कम आणि खर्च बेलिफला दिला तर त्याने तिथल्या तिथे सोडलंच पाहिजे, असं कायदा म्हणतो. तेव्हा रीतसर पैसे देता येतात, पण पावतीशिवाय एक रुपयाही नाही. सर्वात सुरक्षित मार्ग म्हणजे न्यायालयात भरणा.

याहून मोठा खड्डा वेगळा आहे. लोक हुकूमनाम्याची रक्कम परस्पर समोरच्याला देऊन मोकळे होतात आणि न्यायालयाला कळवत नाहीत. नोंद न झालेली अशी फेड बजावणी करणारं न्यायालय विचारात घेत नाही. फेड झाल्याची नोंद करून घेण्यासाठी ऋणकोला ३० दिवसांची मुदत असते. चेकने भागवून वर्षभराने दारात जप्ती पाहिलेली माणसं मला भेटली आहेत.

आणि "तारीख वाढवून देतो", "घर बंद दाखवतो" यासाठी मागितलेले पैसे म्हणजे लाच. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांत तक्रार केलीत तरच सुटका.

मग बेलिफचा खर्च कोण करतो?

ज्याला बजावणी हवी तो. प्रोसेस फी आणि भत्ता न्यायालयात भरला जातो, पावती मिळते आणि पुढे तो खर्च समोरच्याकडून मागता येतो. पावतीबाहेरचं "रिक्षाभाडं" ही आपल्या सर्वांनी डोळेझाक केलेली गोष्ट आहे. मी अशिलांना ते देऊ नका असंच सांगतो.

पैसे थकले म्हणून अटक होते?

होऊ शकते, पण समजतात तितक्या सहज नाही. पैशांच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करताच येत नाही (कलम ५६). रक्कम २,००० पर्यंत असेल तर कैद नाही. २,००० ते ५,००० असेल तर जास्तीत जास्त सहा आठवडे. त्यावर तीन महिन्यांपर्यंत. साधारणपणे आधी कारणे दाखवा नोटीस येते. जॉली जॉर्ज व्हर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये सांगितलं की नुसतं देणं थकलं म्हणून तुरुंग नाही. ऐपत असून टाळाटाळ किंवा अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. दिवाणी तुरुंगातल्या जेवणखाणाचा भत्ता दरखास्तदारालाच भरावा लागतो, हे कळल्यावर निम्म्या अशिलांचा उत्साह मावळतो. कैद भोगली तरी कर्ज फिटत नाही.

ताबा घ्यायला गेलो तर फ्लॅटमध्ये तिसराच माणूस निघाला. आता?

बेलिफ त्याच्याशी भांडत बसणार नाही. तो नाव विचारेल, हक्क कशावरून सांगतो ते लिहील, पंचांच्या सह्या घेईल आणि परत येईल. पुढे तुम्ही आदेश २१ नियम ९७ खाली अर्ज करायचा, अडथळा झाल्यापासून ३० दिवसांत. तो माणूस कोण आणि त्याचा हक्क काय, हे त्याच अर्जात ठरतं, वेगळा दावा लागत नाही. विनाकारण आडवा आला असं सिद्ध झालं तर कलम ७४ खाली त्याला ३० दिवसांपर्यंत दिवाणी तुरुंग दाखवता येतो. आत हक्काचा भाडेकरू असेल आणि तो हुकूमनाम्याला बांधील नसेल तर फक्त सांकेतिक ताबा मिळतो: दाराला वॉरंटची प्रत चिकटवायची आणि दवंडी.

बेलिफला धक्काबुक्की केली तर गोष्ट फौजदारीत जाते. भारतीय न्याय संहितेत लोकसेवकाला अडथळा आणणं (कलम २२१) आणि त्याच्यावर बळाचा वापर करणं (कलम १३२) हे वेगवेगळे गुन्हे आहेत.

दवंडी? आजही?

हो. स्थावर जप्तीची घोषणा दवंडी पिटून किंवा इतर रूढ पद्धतीने करावी, असं संहितेत अजूनही आहे. तीस मजली टॉवरच्या आवारात ढोल वाजला की सिक्युरिटीवाले आधी पावती पुस्तक घेऊन धावतात.

माझं वॉरंट दर वेळी बजावणी न होता का परत येतं?

बऱ्याचदा दोष कागदातच असतो. हुकूमनाम्यात लिहिलेलं असतं "मौजे पाचपाखाडी, सर्व्हे नंबर अमुक, तळमजला, खोली नंबर ३", आणि जागेवर पुनर्विकासानंतरची इमारत, नवं नाव, नवे क्रमांक. बेलिफने अंदाजाने दार ठोठावायचं नसतं; वर्णन जुळलं नाही तर परत येणं हे त्याचं कर्तव्य आहे. नवी मुंबईत सिडकोचा प्लॉट क्रमांक आणि सेक्टर दोन्ही द्या. सोसायटीचा दाखला जोडा. वर्णन बदललं असेल तर आधी दुरुस्तीचा अर्ज द्या.

दुसरं कारण: दाखवणारा माणूस नसतो. मिळकत आणि माल कोणता हे दरखास्तदाराने किंवा त्याच्या माणसाने सोबत जाऊन दाखवायचं असतं. म्हणून ते एका रिक्षातून उतरतात.

हुकूमनामा बजावायला एकूण १२ वर्षांची मुदत आहे. दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा खटल्यात सांगितलं. प्रत्यक्षात तसं घडवायचं असेल तर प्रत्येक अहवालानंतर आठवडाभरात पुढचा अर्ज तयार हवा.

बेलिफवर बंधनं कोणती, आणि तक्रार कुठे?

ज्या लिलावाशी त्याचा कामाचा संबंध आहे त्यात तो स्वतः किंवा दुसऱ्याच्या नावाने बोली लावू शकत नाही. हप्ते ठरवून देणं, तडजोड करणं, वकील सुचवणं हे त्याचं काम नाही. बजावणी केव्हा आणि कशी झाली, उशीर झाला तर का, झाली नाही तर का, हे त्याने कागदावर लिहायचं आणि कागद ठरल्या तारखेला परत करायचा. अहवाल शंकास्पद वाटला तर न्यायालय त्याला शपथेवर तपासू शकतं.

तक्रार आधी ज्या न्यायालयाचं वॉरंट आहे तिथे, आणि वागणुकीबद्दल असेल तर प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे, लेखी, वॉरंट क्रमांक आणि वेळेसह. मात्र वैध वॉरंट प्रामाणिकपणे बजावलं म्हणून त्याच्यावर दिवाणी दावा चालत नाही. ते संरक्षण १८५० च्या कायद्यापासून आहे.

तहसीलदार, सोसायटीचा वसुली अधिकारी, बँकेचा माणूस: हे सगळे बेलिफच ना?

एकही नाही. महारेराच्या वसुली वॉरंटची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत महसुली थकबाकीसारखी होते, तिथे तहसीलदार येतो. पतसंस्थेचा किंवा सोसायटीचा वसुली दाखला सहकार कायद्याखालचा, तिथे वसुली अधिकारी. गृहकर्ज थकलं तर सरफेसी या बँकांच्या वसुलीच्या कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश घेता येतो. आणि वसुली एजंटाला तर कसलाच सरकारी अधिकार नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे त्याने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोनसुद्धा करायचा नाही. प्रत्येकाविरुद्ध दाद मागायची जागा वेगळी, म्हणून आलेल्या कागदाचं शीर्षक आणि कायद्याचं नाव आधी वाचा.

बेलिफला चहा विचारावा का?

पाणी जरूर विचारा. तो भर उन्हात चार पत्ते शोधून आलेला असतो. चहालाही हरकत नाही. फक्त चहाच्या नादात पंचनामा न वाचता सही करू नका, आणि सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने घाला.